फोटोबाहेरचे आजोबा

परवा माझ्या स्टुडिओत एक जोडपं वर्षभराच्या लेकीसोबत फोटो काढायला आलं. लेक ओठ काढून बसली होती, काही केल्या हसेना. सोबतचे आजोबा निवृत्त हेडमास्तर. इस्त्रीच्या शर्टात दाराशी ताठ उभे होते. एकदम ते माझ्या मागे आले, गाल फुगवले आणि कोंबड्यासारखे आरवले. पोर खळखळून हसली. मी बटण दाबलं.

फोटो पाहताना लक्षात आलं, मुलीचा बाप कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तो थक्क होऊन आपल्या वडिलांकडे बघत होता.

“दुसरा काढू या,” मी म्हटलं.

“नको,” तो हळूच म्हणाला. “बाबांना असं मी कधी पाहिलंच नव्हतं.”

घरोघरच्या अल्बममधलं किती हसू असं फोटोबाहेर उभ्या असलेल्या कुणामुळे तरी आलेलं असतं. पुढे बघणाऱ्यांना त्या माणसाचा पत्ताही नसतो.

आजोबांनी फोटो नीट न्याहाळला. “चांगला आहे. पण यात मी कुठं आहे?”

“आम्ही सगळे तुमच्याकडेच बघतोय, बाबा,” मुलगा म्हणाला.