परवान्यातली पाचवी ओळ

आर्वीच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्डखान्यात प्रभाकरराव ठोंबरे यांनी एकोणीस वर्षं काढली होती. कोणत्या गावचा कोणत्या सालचा कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे ते खुर्चीवरून न उठता सांगत. कागदावर नाव नसलेल्या माणसाचं काम होत नाही, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यामुळे एखाद्याचं नाव कुठल्या तरी रकान्यात बसवून देणं म्हणजे त्याला मदत करणं, असं ते मानत. लोकही तसंच मानत. कचेरीबाहेर त्यांना नमस्कार घालणारे पुष्कळ होते.

१९५७ च्या मार्च महिन्यात त्यांच्या हाती एक पत्रक आलं. सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीनिमित्त परतवाड्याच्या एका मंडळाने मे महिन्यात तीन दिवसांचा मेळा ठरवला होता. नाव होतं ‘शंभर वर्षांमागचा बाजार’. तंबू, दांडपट्टा, कुस्त्या, तलवारी घडवणारे लोहार, हातमागावर बसलेले विणकर, आणि शेवटच्या दिवशी दरबार. जुन्या काळच्या वेषात येणाऱ्या कुटुंबाला त्या दरबारात बैठकीचा मान मिळणार होता. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो. मेळा पाहायचा आणि चार दिवस थंड हवेला जायचं, असा बेत प्रभाकररावांनी त्याच संध्याकाळी घरी जाहीर केला. घरात त्यांची बायको कुसुमबाई, बारा वर्षांची सुनीती, नऊ वर्षांची लीना आणि प्रभाकररावांची थोरली बहीण मनकर्णाबाई, अशी त्यांना धरून पाच माणसं होती. डोंगर त्यांपैकी एकानेही पाहिला नव्हता.

त्यांनी बेताची फाईल केली. जायच्या दोन वाटा समोरासमोर मांडल्या. एक, अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने पुलगाव, तिथून मोठ्या गाडीने बडनेरा आणि अमरावती. दुसरी, तळेगावावरून थेट मोटारीने अमरावती. मोटार लवकर पोचवत होती. मुलींना छोटी गाडी हवी होती. प्रभाकररावांनी जाताना गाडी आणि येताना मोटार असा शेरा मारला. सामानाची यादी झाली: वळकट्या, पाण्याची छागल, घाटात मळमळलं तर लिंबं, दशम्या, सातूचं पीठ. शेजारचे भैय्याजी रोज फाटकाशी उभे राहून विचारत, फाईल वरच्या सायबाकडे गेली की अजून खालीच आहे.

कपड्यांचं काम मनकर्णाबाईंकडे आलं. घरात जुनं म्हणावं असं जे होतं ते त्यांचंच होतं. त्यांचं सासर अल्लीपूरचं. नवरा वारला तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या, आणि तिथून येताना त्यांनी एक पेटी आणली होती. त्या पेटीतून नवऱ्याचं लाल पागोटं निघालं, नागपुरी काठाची दोन लुगडी निघाली, चांदीचे वाळे निघाले. एका लुगड्याचे त्यांनी मुलींसाठी परकर बेतले. प्रभाकररावांसाठी बंदांचा अंगरखा शिवला. तो तीनदा उसवून पुन्हा शिवला, कारण काखेत ओढत होता. सुनीतीने विचारलं, आत्या, तू काय घालशील? त्या म्हणाल्या, “माह्या आंगावर हाय तेच शंभर वर्षांमागचं. मले पाह्यलं का दरबारवाले उठून उभे राह्यतीन.” त्या महिन्यात त्या बऱ्याच हसत असत.

आणखी एक गोष्ट त्या वर्षी झाली होती, जिच्याकडे घरात कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. दिवाळीपासून मनकर्णाबाई दुपारी शालूबाई मास्तरणींच्या ओसरीवर प्रौढांच्या वर्गाला जात होत्या. त्या वर्षी त्यांना एकोणपन्नास सरलं. सुरुवातीला प्रभाकररावांनी थट्टा केली होती की आता बाई वकिली करतील. पुढे ते विसरले.

राहायचं कुठे, हा बेतातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. प्रभाकररावांना चिखलदऱ्याचं सरकारी विश्रामगृह हवं होतं. तिथे उन्हाळ्यात साहेबलोक उतरत. वर्ग तीनच्या कारकुनालाही जागा शिल्लक असेल तर मिळू शकते, असा नियम त्यांनी स्वतः शोधून काढला होता, आणि सापडल्यावर सगळ्या कचेरीला वाचून दाखवला होता. अर्जात कुटुंबाची व्याख्या छापलेली होती: अर्जदार, पत्नी, मुलं, आईवडील. बहीण त्यात नव्हती. तिच्यासाठी वेगळी विशेष परवानगी लागत होती, आणि ती मिळायला दोन महिने लागले असते. अर्जाच्या तळाशी मात्र एक ओळ होती: ‘सोबत नोकर, असल्यास, एक. मागील खोली विनामूल्य.’

प्रभाकररावांच्या शेजारच्या टेबलावर मधुकरराव बसत. ते म्हणाले, तो रकाना रिकामाच तर आहे, त्यात टाका नाव. कोण पाहायला येतं? प्रभाकररावांनी अर्ज तीन दिवस खणात ठेवला. परतवाड्याला एक धर्मशाळा आहे आणि तिथे पाचही जणांना उतरता येईल, हे त्यांना ठाऊक होतं. तिथे चौकशी करायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. ते त्यांनी टाकलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात पाचवी ओळ भरली आणि अर्ज अमरावतीला रवाना केला. बहिणीला न वगळता नेण्याची वाट काढली, असं त्यांनी कुसुमबाईंना सांगितलं. कोणती वाट, ते सांगितलं नाही.

परवाना एप्रिलच्या मध्यावर, एका मंगळवारी दुपारी आला. कुसुमबाई मुलींना घेऊन बाजारात गेल्या होत्या. पोस्टमनने पाकीट मनकर्णाबाईंच्या हाती दिलं. ते उघडंच होतं. आजवर त्यांनी पुस्तकातले धडे वाचले होते, दुकानांच्या पाट्या वाचल्या होत्या. घरी आलेला कागद कधी वाचला नव्हता. त्या दारात उजेडाला बसल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या. पहिल्या ओळीत भावाचं नाव होतं. दुसरीत कुसुमबाईंचं. मग सुनीती, मग लीना. पाचव्या ओळीत त्यांना स्वतःचं नाव दिसलं. मनकर्णाबाई. नावाच्या अलीकडे एक शब्द होता.

तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. आपलं काही चुकत असेल असं वाटून कागद पदराखाली धरून त्या शालूबाईंकडे गेल्या आणि त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे मी वाचून राह्यली ते बरोबर हाय का? शालूबाईंनी कागद पाहिला. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, हे मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं. शालूबाई म्हणाल्या, बरोबर वाचलं. नंतर पाणी देऊ का, असं विचारलं. मनकर्णाबाईंनी पाणी घेतलं नाही.

साडेपाचला प्रभाकरराव घरी आले. नेहमीप्रमाणे हातपाय धुऊन पाटावर बसले. मनकर्णाबाईंनी चहाच्या बशीशेजारी कागद ठेवला. तो उलगडलेला होता. कुसुमबाई चुलीपाशी होत्या, मुली दारात.

प्रभाकररावांना पाहताक्षणी समजलं. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मग थांबणं जमेना. नियम सांगितला, व्याख्या सांगितली, विशेष परवानगीला किती दिवस लागतात ते सांगितलं, मधुकररावांचं नाव घेतलं. जितकं ते सांगत गेले तितकं ते कचेरीतल्यासारखं ऐकू येत गेलं. शेवटी ते म्हणाले, “तो निव्वळ रकाना हाय, बाई. तुले सोडून जावं लागलं असतं. म्हणून टाकलं नाव.”

मनकर्णाबाई उभ्याच होत्या.

“वर्ध्याले बोर्डिंगात सहा वर्षं भाकरी थापल्या मी, तुह्या शिक्षणापायी,” त्या म्हणाल्या. “दर महिन्याले मस्टरावर आंगठा दिला. तिथंबी हाच शब्द अशीन. तवा वाचता येत नोतं, म्हणून काई वाटलं नाई.”

मुलींना ही गोष्ट नव्यानेच कळत होती. वडिलांनी ती कधी सांगितली नव्हती. कचेरीतही, आपण कसे शिकलो हे सांगताना, ते बोर्डिंगात राहिलो असं म्हणत. तिथला स्वयंपाक कोण करत होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

कुसुमबाई म्हणाल्या, जाणं रद्द करा. मनकर्णाबाईंनी ते मानलं नाही. पोरींचे परकर शिवून झाले होते, पोरींनी जायचंच. त्या स्वतः येणार नव्हत्या. त्यांनी भावाला एकच काम सांगितलं: “तो शब्द खोडून आण. तूच मनते ना, कागद मांगं राह्यते म्हणून.”

प्रभाकरराव तसं नेहमी म्हणत, हे खरं होतं.

शनिवारी रजा काढून ते अमरावतीला गेले. परवाने देणारा कारकून मोतीलाल नावाचा होता. पत्रव्यवहारातून ओळख होती. नोकराची ओळ दुरुस्त करायची आहे, असं प्रभाकररावांनी सांगितलं. मोतीलालने विचारलं, काय लिहू? प्रभाकरराव म्हणाले, बहीण. मोतीलालने व्याख्येवर पेन्सिल टेकवली. बहिणीला जागा नव्हती. नाव नोकराच्या ओळीत राहील किंवा कटेल, तिसरं काही होत नव्हतं. प्रभाकररावांना हे त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. आपण असतो तर आपणही हेच सांगितलं असतं. त्यांनी नाव काटायला सांगितलं.

मोतीलालने लाल दौत पुढे ओढली. “नोकर पळाला का, ठोंबरे?”

आजूबाजूचे दोघे हसले. प्रभाकररावही हसले. म्हणाले, तसंच समजा. परतीच्या मोटारीत, तळेगाव येईपर्यंत, त्यांना आपलं ते हसणं आठवत राहिलं.

मनकर्णाबाईंनी दुरुस्त केलेला कागद उजेडात नेऊन वाचला. लाल रेघेखालून शब्द दिसत होता, नावही दिसत होतं. त्यांनी विचारलं, “खालचं अजून वाचता काऊन येते?” प्रभाकररावांनी सांगितलं की सरकारी कागदावर खरवडून काढायची पद्धत नाही; रेघ मारतात, बाजूला सही करतात, खालचं तसंच राहू देतात. मनकर्णाबाईंनी मान हलवली. कागद भावाला परत दिला. अंगरख्याचं उरलेलं काम त्यांनी त्याच दिवशी पूर्ण केलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं निघाले. छोटी गाडी मुलींना आवडली. आर्वीच्या स्टेशनावर मनकर्णाबाई आल्या होत्या. पागोटं चुरगळू नये म्हणून त्यांनी ते वेताच्या टोपलीत ठेवलं होतं आणि ती टोपली मांडीवर घेऊन बसायला सुनीतीला बजावलं. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि कुसुमबाईंना दशम्या कोणत्या डब्यात आहेत ते सांगत राहिल्या. भावाशी त्या साधं बोलल्या. प्रभाकररावांना ते साधं बोलणं सोसत नव्हतं.

मेळा पत्रकात लिहिला होता तसाच निघाला. लोहार खरे होते, कुस्त्या खऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी दरबाराच्या कनातीपाशी जुन्या वेषातल्या कुटुंबांची रांग लागली. मंडळाचे अण्णाजी नावाचे म्हातारे गृहस्थ प्रत्येकाचा पोशाख हात लावून पाहत आणि आत सोडत. बहुतेकांनी नाटकवाल्यांकडून भाड्याने आणलेलं होतं. ठोंबरे कुटुंबापाशी ते थांबले. पागोट्याची बांधणी त्यांनी बारकाईने पाहिली आणि हे कोणाचं, असं विचारलं. प्रभाकररावांनी सांगितलं, आमच्या भाऊजींचं. अंगरखा पाहून म्हणाले, हा कोणी शिवला, असे बंद आता कोणाला येत नाहीत. सुनीती म्हणाली, आत्यानं.

“मंग आत्या काऊन नाई आल्या?” अण्णाजींनी विचारलं. “पह्यली बैठक त्याहिची होती.”

मागचे लोक ऐकत होते. प्रभाकररावांकडे खरं उत्तर होतं. ते लहान होतं. उभ्या उभ्या सांगता आलं असतं.

“घराकडं पाह्याले कोणी तरी पाह्यजे ना,” ते म्हणाले.

अण्णाजींनी मान डोलावली आणि कनात वर केली. सुनीतीने वडिलांकडे पाहिलं. दरबारात त्यांना तिसऱ्या रांगेत बैठक मिळाली. अर्ध्या तासाने प्रभाकररावांनी उकडतं म्हणून पागोटं उतरवलं आणि मांडीवर ठेवलं. पुढचे चार दिवस ते चिखलदऱ्याला विश्रामगृहात राहिले. हवा थंड होती. मागच्या खोलीला कुलूप होतं. तिच्यावरून आंघोळीला जावं लागत असे.

घरी परत आल्यावर लीनाने आत्याला सगळं सांगितलं: घाटातली वळणं, खाली दिसणारे ढग, गाविलगडाचा दरवाजा. मनकर्णाबाई टोपली सोडत होत्या. पागोटं बाहेर काढून त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. लोक काय म्हणाले याले, असं त्यांनी विचारलं. चांगलं म्हणाले, प्रभाकरराव म्हणाले. ते अजून दारातच होते, जोडे हातात.

सुनीती म्हणाली, “त्याहीनं विचारलं, आत्या काऊन नाई आल्या.”

“मंग काय सांगतलं?”

“बाबा सांगतीन.”

प्रभाकररावांनी सांगितलं. शब्द बदलले नाहीत.

मनकर्णाबाई पागोट्याच्या घड्या मोडलेल्या जागी अंगठ्याने दाबत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “त्याहीनं ते लिहून घेतलं का कुठं?”

“नाई.”

“मंग राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि ढग खरंच पायाखाली होते का, असं त्यांनी लीनाला पुन्हा विचारलं.