देवळीतले कप

मातीची घरं बांधणारी बाई म्हणून यवतमाळात मला थोडेफार लोक ओळखतात. मी आणि कॉलेजातला एक मित्र, दोघांचं मिळून आर्किटेक्टचं ऑफिस आहे, बसस्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, जुन्या सागवानी चौकटी, वर कवेलू म्हणजे कौलं, अशी घरं आम्ही काढतो. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की लोक ‘वा!’ म्हणतात, फोटोही झकास येतात. आणि हे सगळं मी ज्या टेबलावर बसून काढते, त्याच्या वर पत्रा आहे. मे महिन्यात टाळू भाजून निघते. हसू नका, दिव्याखाली अंधार असायचाच.

घरी मी आणि बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा गवंडी. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बसून असतात, पण दारव्हा म्हणू नका, घाटंजी म्हणू नका, कुठंकुठं त्यांनी घरं उभी केलीत. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला; वस्ती मात्र होती तिथंच राहिली, गावाच्या कडेला. बाबा जन्मले ते पऱ्हाटीच्या कुडात. कापूस वेचून झाला की ज्या काड्या उरतात त्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमाती लिंपायची, झालं घर. त्यातून निघून सिमेंटच्या चार भिंतींत यायला बाबांची जवानी खर्ची पडली. म्हणून मी पहिल्यांदा मातीच्या घराचा नकाशा त्यांच्यापुढं धरला तेव्हा ते माझ्या तोंडाकडं बघतच राहिले.

“अवं पोरी, मातीतून निघता निघता आमचं कंबरडं मोडलं, अन् तू शिकूनसवरून लोकायले परत मातीत घालून राह्यली? अन् ते खुशीनं जातेत?”

“जातात बाबा. वर फोटो काढतात.”

“बाप्पा! मोठ्या लोकायचं काई सांगता येत नाई.”

चेष्टा करायचे, पण त्यांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती मला पक्की माहीत होती. आमच्याकडं घर बांधून होईपर्यंत गवंडी कुठंही फिरतो. देवघराची फरशी तोच बसवतो, चुलीचा ओटा तोच घालतो. मग वास्तुशांती होते, घर शुद्ध होतं आणि गवंड्याला फाटकाशी बोलावून नारळ, दुपट्टा आणि टोपी देतात. जेवायला बाहेर निंबाच्या झाडाखाली, वेगळ्या पंगतीत. बाबांनी आयुष्यभर असे नारळ घरी आणले. लहानपणी मला त्या खोबऱ्याचा केवढा आनंद! ज्या घराचा उंबरठा आपल्या हातानं बसवला, त्याच्या आत पाहुणा म्हणून ते कधी गेले नाहीत.

“तुह्या एखाद्या घराच्या वास्तूले मले ने,” ते म्हणायचे. “आत बसून जेवाचं हाय मले. खुर्चीवर. आता तसं राह्यलं नाई. तू तं साहेबीन हाय.”

तसं राहिलं नाही, असं ते इतक्या खात्रीनं म्हणायचे की माझ्यानं उलट बोलवायचं नाही.

मग सर आले. दारव्ह्याच्या अलीकडं त्यांचं शेत आहे, कापूस आणि तूर. तिथं त्यांना मातीचं घर बांधायचं होतं. कॉलेजचे प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले. समतेवर त्यांचं भाषण ऐकावं! समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येईल. ऑफिसात आले तेच माझं काम बघून. “बेटा, हे तू काढलंस? कमाल आहे!” मग नेहमीचं सुरू झालं. पूर्ण नाव काय? गाव कोणतं? बरं, गावात कोणत्या बाजूला? वडील काय करायचे? शहरातला माणूस हे सहज विचारतो. आमच्याकडं ही चौकशी चाळणीसारखी असते, आणि आपण कोणत्या भोकातून खाली पडलो ते विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. सरांच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसलं नाही. ते हसले आणि म्हणाले, “तुम्ही लोक फार हुशार असता.”

मी त्या घरात जीव ओतला. खोटं कशाला सांगू, तसं घर माझ्या हातून पुन्हा झालं नाही. त्याच शेतातली माती चाळून भिंती घातल्या. चुन्यात गूळ, मेथी, बेलफळं भिजत घातली. तो आंबलेला वास माझ्या ओढण्यांना महिनोन्‌महिने होता. कुंपणाला पऱ्हाटीचा कूड केला. तोच तो, बाबा जन्मले तो. सरांना तो एवढा आवडला की येणाऱ्याजाणाऱ्याला हात लावून दाखवायचे, “आपली परंपरा!” घराचं मुख्य दार मी मुद्दाम ठेंगणं ठेवलं होतं, जुन्या सागवानी चौकटीचं. ते पाहून सर म्हणाले, “वा! अहंकार बाहेर ठेवून वाकून आत यायचं.” आणि बाहेर ओसरीच्या भिंतीत, नळाशेजारी, एक देवळी ठेवली. भिंतीतला हातभर कोनाडा. संध्याकाळी तिथं पणती लागेल, असं माझ्या डोक्यात होतं.

काम चालू असताना साइटवर चहा यायचा. सरांच्या बाईसाहेब, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, शेतातल्या जुन्या खोलीत राहायच्या, तिथून पाठवायच्या. मित्राला चिनीमातीच्या मगात. मजुरांना कागदी कपात. मलाही कागदी कपात. मी म्हटलं, असेल, मी मजुरांजवळ उभी असते. मग एकदा मी मित्राशेजारी खुर्चीवर बसले होते, तेव्हाही तसंच. प्लॅस्टिक नको, सिमेंट नको, पृथ्वी वाचली पाहिजे म्हणणारं घर; आणि माझ्यासाठी तेवढा पिऊन फेकायचा कप. तळपायाची आग मस्तकात गेली. परत येताना गाडीत मी मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, तू प्रत्येक गोष्टीत तेच बघते. चिनीमातीचे मग कमी पडले असतील.” तो वाईट नाही. त्याच्या हातात कायम मग असतो, एवढंच.

घर झालं. वास्तूचं बोलावणं आलं. काकूंचा फोन होता, “संध्याकाळी या हं. वडलांनाही आणा.” बाबांना सांगितलं, तर त्यांनी कपाटातून पांढरा शर्ट काढला, स्वतः इस्त्री केली. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून बाजारात मला दुकानोदुकानी फिरवलं आणि कपबशांचा सेट घेतला. पांढऱ्या कपांवर निळी फुलं. दुकानदारानं स्टीलचा डबा दाखवला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, पण नाही. “नव्या घरात पाहुणे येतेत. कप पायजे,” म्हणाले. प्रत्येक कप उजेडाकडं धरून पाहिला, कुठं चिरलाय का. मी कागदी कपांचं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि तेव्हा सांगायची माझी छाती झाली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा लॉनवर टेबलं मांडली होती, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. पूजा सकाळीच झाली होती. सकाळी गाय-वासरू आधी आत नेलं, मग पाहुणे, जेवणाची पहिली पंगतही आतच बसली, हे मला मित्राच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून कळलं. तो सकाळपासून तिथंच होता. त्याला बोलावणं सकाळचं, मला संध्याकाळचं.

बाबा सरळ दाराकडं निघाले. काठी टेकत, हसत. मला म्हणाले, “दार लहान हाय व तुह्यं. वाकाचं तं आपल्याले जमते.” काकू लगबगीनं आडव्या आल्या. तोंडात साखर घोळत होती. “अहो काका, थांबा थांबा. भटजींनी सांगितलंय, आज रात्रभर वास्तू घरच्यांसाठीच. बाहेरच्यानं उंबरठा नाही ओलांडायचा. इकडं बसा ना मोकळ्यावर, छान हवा आहे.” बाबांनी कपांचं खोकं पुढं केलं. काकूंनी ते दोन बोटांनी घेतलं आणि ओसरीवर टेकवलं. तेवढ्यात त्याच दारातून माझा मित्र वाकून बाहेर आला, रुमालानं हात पुसत. “अरे, आलात? मी हात धुवायला गेलतो आत.”

मी काहीतरी बोलणारच होते. बाबांनी माझं मनगट धरलं. म्हातारा झाला तरी गवंड्याचाच हात तो.

“रीत असते एकेकाची,” ते म्हणाले. “चाल, भूक लागली.”

ते जेवले. खुर्चीवर बसून जेवले, पण लॉनच्या कडेला, तिथल्या निंबाच्या दिशेला मांडलेल्या खुर्चीवर, दाराकडं पाठ करून. भटजींचं कारण त्यांनी खरं मानलं की मानून घेतलं, हे मला अजून सांगता येत नाही. घरी येताना जीपमध्ये एवढंच म्हणाले, “भिंत मस्त झाली. ओळंब्यात हाय, सूतभर कलली नाई.” मी अंधाराकडं तोंड करून रडले. राग मला रडवतो, ही माझी जुनी खोड.

त्यानंतर बाबा अधूनमधून विचारायचे, “वापरते काय व ते लोक आपले कप?” मी म्हणायचे, वापरत असतील.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथं तर सुंभ जळलाही नव्हता, त्याला चुना लावून ठेवला होता. पण धंदा आहे. काही महिन्यांनी कुंपणाच्या कुडाला वाळवी लागली, सरांचा फोन आला, मित्र नागपूरला होता. मी गेले. भर दुपार होती. सर घरी नव्हते. काकू दारातूनच म्हणाल्या, “बघा बाई तुमचं काम, पोखरलं सगळं.” मी बघितलं, कुठून कापायचं, काय फवारायचं ते शेतावरच्या गड्यांना सांगितलं आणि ओसरीवर येऊन बसले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि माझी भिंत पाठीला गार लागत होती. कुठंतरी बरंही वाटलं, आपण केलंय हे.

आतून काकूंचा आवाज आला, कामाला असलेल्या बाईला सांगत होत्या, “मॅडमला चहा दे. तो मग नको गं. देवळीतला घे.”

ती बाई नळापाशी आली. देवळीत हात घातला, एक कप काढला, विसळला आणि माझ्यापुढं ठेवला. मग आतून भांडं आणून वरून, कपाला भांडं लागणार नाही असा, चहा ओतला. पांढरा कप. निळं फूल. मी मान वळवून देवळीत पाहिलं. पणती नव्हती. बाकीचे कप तिथं पालथे घातलेले होते, बशा त्यांच्या शेजारी.

“हे कुणासाठी?” मी विचारलं, कळत असून.

“कामावरचे येतेत ना ताई, बाहेरचे माणसं. त्यायच्यासाठी राखले हाय.” ती बिचारी सरळ मनानं म्हणाली. कूड कापणारे गडी तेवढ्यात आले, त्यांनी सवयीनं देवळीतून एकेक कप उचलला आणि नळाखाली धरला.

मी तो चहा जास्वंदीच्या आळ्यात ओतला. काकू दारात आल्या तर त्यांच्या डोळ्यांदेखत कप ओढणीनं पुसला आणि पर्समध्ये टाकला. “अहो, हे काय?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “माझ्या बापानं आणलेला आहे, काकू. आतल्या लोकांसाठी आणला होता.” एवढंच. ओठांशी आलेले बाकीचे शब्द गिळले, कारण ते गडी माझ्याकडं बघत होते.

मी शेताच्या फाट्यावर पोचायच्या आत मित्राचा फोन आला. काकूंनी सरांना आणि सरांनी त्याला कळवलं होतं. “अगं, एका कपावरून? क्लायंट दुखावलेत.” मी फोन ठेवला.

घरी बाबा पलंगावर बसून बातम्या बघत होते. मी कप त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी टीव्ही बंद केला. कप उचलला, उजेडाकडं धरला, फुलावरून अंगठा फिरवला.

“हा तं आपल्याच सेटमधला.”

“हो.”

“कोठी होता?”

“बाहेर. नळाजवळच्या देवळीत. कामाच्या माणसांसाठी ठेवलेत.”

मला वाटलं, आता शिवी देतील. द्यावी असं फार वाटत होतं. एकदा तरी, आयुष्यात एकदा तरी, या माणसानं तोंड भरून शिवी द्यावी. त्यांनी कप खाली ठेवला, कपाचा कान माझ्याकडं करून.

“कायले आणला मंग?” ते म्हणाले. “तिथं एखाद्याले कमी पडन ना आता. जाशीन तवा परत ठेवून दे.”