तालुक्याबाहेर न जाणारी बंदूक

"जरा दम धर, माझी तयारी होऊ दे," असं आमच्या शेजारचे काका म्हणायचे. कुणाला म्हणाल, तर रानडुकराला.

खोटं सांगत नाही. माझी रोपवाटिका आणि त्यांची वाडी यांच्यात एकच कुंपण, त्यामुळे सगळं मला ऐकू यायचं. डहाणूहून तलासरीकडे जाताना आत वळलं की आमच्या वाड्या लागतात. काकांच्या वाडीत पुढे चिकू आणि मागे भात. दिवस कलला की डुकरं भातात शिरायची आणि काका राखणीच्या माचावर उभे राहायचे. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक होती, पीक राखायला म्हणून रीतसर परवाना असलेली.

ठासणीची म्हणजे काडतूस घातलं आणि ओढला चाप, असली सोपी गोष्ट नव्हे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वरून काथ्याचा बोळा, मग लांब गजाने ते सगळं ठासायचं, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, तेव्हा कुठे बार. काका यातलं एकेक काम सत्यनारायणाची पूजा मांडावी तसं करायचे. मध्येच चष्मा पुसायचे. तोवर डुकरं पोटभर जेवून, पिल्लं गोळा करून निघालेली असायची. मग बार उडायचा.

"पळाली बघ," काका कुंपणावरून मला सांगायचे.

"काका, ती निघालीच होती."

"पण चालत निघाली होती. आता पळत गेली."

नळीत छर्रे ते कधी भरतच नसत. "मारायची परवानगी नाय, आणि त्यातली एक लेकुरवाळी हाय," म्हणायचे. तरी गावात शिकारी म्हणून त्यांची वट होती, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही.

माणूस शांत होता, पण एकदा घाई झालीच. डुकरं माझ्या रताळ्यांकडे वळली म्हणून मी इकडून ओरडत होते, "काका, उडवा लवकर." त्या गडबडीत गज नळीतून काढायचाच राहिला. बार उडाला आणि तो गज कुंपणावरून सणसणत आला, माझी हिरवी जाळी फाडून शेणखताच्या गोणीत घुसला. मी त्या गोणीशेजारीच उभी होते.

काका धोतर सावरत आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग गोणीतून गज उपसला, पंच्याने पुसला आणि डोळ्यासमोर धरून न्याहाळला. "वाकला नाय," म्हणाले.

"मी काय डुक्कर आहे का?" मला एवढंच सुचलं.

"पोरी, शिकाऱ्याला घाई करू नये," काका म्हणाले. संध्याकाळी मात्र पाटीभर चिकू घेऊन स्वतः आले आणि पायरीवर बसून राहिले. पुढे बरेच दिवस मी डोक्यावर घमेलं घालून रोपांना पाणी घालत होते. त्यांना दिसावं म्हणून मुद्दाम.

बंदुकीच्या दस्त्याला वाळवी लागली तेव्हा तो बदलायला आम्ही डहाणूच्या एका सुताराकडे गेलो. तो बिचारा पलंग करणारा. त्याने जीव ओतून काम केलं. सागाचा दस्ता, खाली पलंगाच्या पायासारख्या गोल गोल कड्या, कडेने वेलबुट्टी, वर चकचकीत पॉलिश. काकांनी तो खांद्याला लावून बघितला, परत लावून बघितला. सुतार म्हणाला, "काका, निर्धास्त राहा. दोन माणसं झोपली तरी हलणार नाय." काकांना काम पसंत पडलं. तेव्हापासून ती बंदूक माचावर आडवी ठेवली की लांबून कुणी बाजलं उलटं टाकलंय असं वाटायचं.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०१४ ला पहिल्यांदा मी काकांना माझ्या स्कूटरवर बसवून नेलं. मागे काका, आणि त्यांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली आडवी बंदूक, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली. डहाणूच्या बाजारात मला कुणी एवढी वाट दिली नव्हती. ठाण्यातल्या हवालदाराने गोधडी उघडली आणि विचारलं, "काका, ह्याची बाकीची खाट कुठाय?"

बंदूक तिथे असेपर्यंत काकांना जेवण गोड लागायचं नाही. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात पहिले तेच.

आता तुम्हाला वाटेल, डुकरंही न मारणाऱ्या बंदुकीत एवढा जीव का? तर काकू गेल्यापासून मुलाने धोशा लावला होता, बाबा, विरारला चला. मुलगा चांगला, सूनही चांगली, फ्लॅटमध्ये काकांसाठी खोली तयार. पण काकांना वाडी सोडायची नव्हती. आणि मुलाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून बंदुकीला पुढे केलं होतं.

"परवाना ह्या वाडीचा हाय. बंदूक तालुक्याबाहेर जात नाय. आणि तिला एकटी सोडून मी जात नाय. सरकारची जोखीम हाय."

एकदा मुलगा हुशारीने बंदूक जमा असतानाच गाडी घेऊन आला. "आता घरात बंदूक नाही. चला." काका जरा गडबडले. मग म्हणाले, "निकाल लागला आणि मी नसलो, आणि त्यांनी माझी दुसऱ्यालाच दिली तर?" मुलगा तो दस्ता आठवून बघत असावा. अशी बंदूक चुकून कुणी नेणं शक्य नव्हतं. पण तो चहा पिऊन गेला.

२०१९ च्या निवडणुकीतही आम्ही बंदूक जमा केली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली, तर काका ओट्यावर बसलेले.

"राहू दे तिथंच," म्हणाले. हात पुढे केला. तो नुसता थरथरत होता. "गज धरवत नाय आता. दारूशी खेळ नको, पोरी." मग हळू आवाजात, "पण विरारला कळता नये."

मला रडू आलं. राग पण आला, कुणाचा ते नाही सांगता येत. मी बाजारातून सुतळी बॉम्बचा पुडा घेऊन आले.

रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. काका मोबाइल कानाला लावून ओट्यावर, मी पेटती उदबत्ती घेऊन चिकूखाली.

"बाबा, बंदूक आणली ना?"

"आणली की. आत्ताच डुकरं आली बघ." असं म्हणून मला हात करायचे. मी वात पेटवायचे आणि कान दाबून पळायचे. "ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

पावसाळ्यात एकदा बॉम्ब भिजका निघाला. काका फोनवर शांतपणे म्हणाले, "टोपी ओली झाली वाटतं," आणि मला दुसऱ्याची खूण केली. खरं सांगायचं तर सुतळी बॉम्बला डुकरं जास्त भ्यायची. हे मी काकांना कधी बोलले नाही.

थंडीत एका दुपारी काका जेवून ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या चटईवर गेले.

कार्य आटोपल्यावर मुलगा घर बंद करायला आला. भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीपाशी उभा राहिला. मी धीर करून म्हटलं, "बंदूक ठाण्यातच आहे. निवडणुकीपासून आणलीच नाही."

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "घेऊन जा म्हणून ठाण्यातून मलाच फोन आला होता. बाबा अनोळखी फोन उचलायचे नाहीत, म्हणून तिथे माझा नंबर दिलेला."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

त्याने खिडकी लावून घेतली, कडी घातली.

"बोललो असतो तर त्यांना विरारला घेऊन जावं लागलं असतं."