तिसरा पत्ता

त्या बाईला मी समजूत घालून परत पाठवणार होतो, ही गोष्ट निवृत्त झाल्यावरही माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मी बंगळूरजवळच्या आनेकल भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. तिशीतली एक बाई येऊन बाकावर बसली. मूळची निपाणीकडची, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. दारावरच्या पाटीवर माझे मराठी आडनाव वाचून तिने कन्नड सोडले आणि मराठीत सुरुवात केली. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. माझी मराठी निम्मी कन्नडच.

“स्वल्प सावकाश सांग,” मी म्हणालो.

कारखान्यातल्या पाच जणी एका भाड्याच्या घरात राहत होत्या. घर कंत्राटदाराच्या सुपरवायझरने मिळवून दिले होते. सक्तीच्या जादा कामाविरुद्ध कामगार खात्याकडे तक्रार करायची, असे एकीने रात्रीच्या जेवणानंतर हॉलमध्ये बोलून दाखवले. दोन दिवसांत तिला कामावरून काढले. पुढच्या महिन्यात दुसरीचेही तसेच झाले. दोघी गावी निघून गेल्या. उरलेल्या दोघींचा संशय या बाईवर गेला, कारण हजेरीचा कागद घेऊन रोज ऑफिसात तीच जायची.

“त्या माझ्याशी बोलत नाहीत, साहेब. महिनाअखेर घर सोड म्हणाल्यात. मी कुणाचं काही सांगितलेलं नाही. कोणी सांगितलं, एवढं तुम्ही शोधून द्या.”

मला हे बायकांचे घरगुती भांडण वाटले. “सरी, ठीक आहे, मी दोघींना बोलावून समजावतो,” असे म्हणून मी पुढची फाइल ओढली. ती उठली नाही. दोन तास तशीच बसून राहिली.

आमच्या ठाण्यात एक महिला कॉन्स्टेबल होती. सायबर प्रशिक्षण घेऊन नुकतीच परतलेली. ती बाईजवळ जाऊन बसली आणि थोड्या वेळाने माझ्याकडे आली.

“सर, ती म्हणते, आम्ही याबद्दल फोनवर कधीच काही बोललो नाही, जे बोललो ते हॉलमध्येच. आणि घरातलं वायफाय सुपरवायझरनेच बसवलंय. पाच जणींसाठी तो स्वतःहून इंटरनेट घेऊन देतो, हे मला पटत नाही. ऐकायचं काही यंत्र त्याने लपवलं असेल तर ते याच वायफायवर चालत असणार. मी जाऊन बघू?”

मी विचारले, “आयपी पत्ता काढायचा तर इंटरनेट कंपनीला पत्र द्यावं लागेल ना?”

“तो बाहेरचा पत्ता, सर. सगळ्या घराला मिळून एक. आत मात्र राउटर प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता देतो, इमारतीत फ्लॅटला नंबर असतात तसा. कोण कोण जोडलंय त्याची यादी राउटरमध्येच दिसते.”

मी परवानगी दिली. खरे सांगायचे तर मला फार आशा नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या बाईची सुट्टी होती. बाकीच्या दोघी सकाळच्या पाळीला गेल्या होत्या. कॉन्स्टेबल साध्या साडीत, चुलतबहीण म्हणून घरात शिरली. आत कोणी ऐकत असेल तर त्याला कळू नये, म्हणून दोघी मटकीच्या उसळीबद्दल आणि गावच्या लग्नाबद्दल बोलत राहिल्या. बोलता बोलता तिने लॅपटॉप वायफायला जोडला. राउटरचा पासवर्ड त्याच्याच खाली चिकटवलेल्या कागदावर होता, कोणी बदललेला नव्हता. यादी उघडली. घरात एक फोन आणि एक लॅपटॉप, एवढेच असायला हवे होते. यादीत तीन पत्ते होते.

तिने फोनचे वायफाय बंद केले. एक पत्ता गेला. एक लॅपटॉपचा स्वतःचा. तिसरा तसाच होता.

मग तिने लॅपटॉपवरून त्या पत्त्याला सारखे संदेश पाठवायला सुरुवात केली. उपकरण चालू असेपर्यंत उत्तर येत राहते. बाई एकेक प्लग काढत गेली. फ्रीज, उत्तर चालू. डासांचे यंत्र, चालू. हॉलमधल्या आकडेवाल्या घड्याळाचा प्लग काढला आणि उत्तर थांबले.

ते घड्याळ सुपरवायझरने भेट दिले होते, कामावर जायला उशीर होऊ नये म्हणून.

कॉन्स्टेबलने लगेच प्लग परत लावला आणि मोठ्याने म्हणाली, “करंट गेला होता वाटतं.” बाहेर येऊन तिने मला फोन केला. मी त्या बाईला पुन्हा तक्रार सांगायला लावले नाही. आदल्या दिवशी तिने जे सांगितले होते त्यावरच गुन्हा नोंदवला. एक तुकडी सुपरवायझरकडे पाठवली आणि पंच घेऊन मी घरी गेलो. पंचनामा झाला. घड्याळात बारीक कॅमेरा आणि माइक निघाला. ते सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले.

सुपरवायझर माझ्यासमोर बसला तेव्हा शांत होता. “बाजारातून आणलं, सर. आत काय आहे मला काय ठाऊक?”

मी आवाज चढवला नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, पुरावा लागतो. जप्त केलेला त्याचा फोन मी टेबलावर ठेवला. त्यातल्या एका ॲपमध्ये तेच घड्याळ नोंदलेले होते, ‘हॉल’ या नावाने. त्याने पाणी मागितले. प्यायला आणि म्हणाला, “कोण तक्रार करणार ते आधी कळलं की काम सोपं होतं, सर.”

खटला बराच लांबला, पण त्याला शिक्षा झाली. काढलेल्या दोघींपैकी एक कामावर परतली. दुसरी आली नाही.

घरात उरलेल्या दोघी जबाब द्यायला आल्या, तो दिवस मला जास्त आठवतो. सही करून झाल्यावर त्यातली मोठी म्हणाली, “सर, आम्ही तिला भांडीसुद्धा वेगळी दिली होती. तुम्ही तिला आमच्यातर्फे सांगा ना.”

“ते तुम्हालाच सांगावं लागेल,” मी म्हणालो. “ती बाहेरच बसली आहे.”

त्या बाहेर गेल्या आणि बाकाशी उभ्या राहिल्या. शेवटी निपाणीची बाई जरा सरकली, तिने बाकावर जागा केली आणि विचारले, “जेवलात का?”

त्या तपासाबद्दल शाबासकीचे पत्र माझ्या नावाने आले. कॉन्स्टेबलचे नाव त्यात नव्हते. लेखी कळवून मी ते घालून घेतले. ठाण्यात आलेल्या माणसाचे म्हणणे संपेपर्यंत ऐकायचे, हे मी नोकरीत लागल्यापासून दुसऱ्यांना शिकवत होतो. मला मात्र ते बाकावरून न उठलेल्या एका बाईने शिकवले. ती उठून गेली असती तर माझ्या डायरीत साधी नोंदही राहिली नसती. ती थांबली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.