मसणवट्याचा हुकूम

सत्तरच्या दशकात मी कोरेगावला नवा वकील होतो. घरचं कुणी जवळ नव्हतं, खानावळीत जेवायचो, आणि अशिलं माझ्या दारावरून दुसऱ्याकडं जायची. धरणग्रस्तांना फुकट कायदेसल्ला द्याल का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. परोपकार कसला, बोलायला माणूस हवं होतं.

दर रविवारी वडूजकडच्या एका गावात चावडीत जाऊन बसायचो. चिटपाखरू फिरकत नसे. मी मनातल्या मनात चिडायचो, फुकट मिळतंय तर तेही नको यांना! मग कळलं, चावडी मूळ गावकऱ्यांची. गावं धरणात बुडाली म्हणून इथं आणून वसवलेली माणसं तिची पायरी चढत नव्हती. पुढच्या रविवारी मी त्यांच्या वसाहतीतच बाभळीखाली पोतं टाकून बसलो.

पहिला आला तो एक म्हातारा. जमिनीचं विचारेल म्हणून मी तयारीत होतो.

“आवं वकील सायब, म्हातारी लय थकलीया. गाववाले त्यांच्या मसणवट्यात जाळू देत न्हाईत. तिला न्यायचं कुठं?”

बायको जिवंत असताना माणसावर ही चौकशी करायची वेळ यावी, याचा मला भयंकर राग आला. त्या रागातच अर्ज लिहिला. मामलेदार कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या. तारखा पडत राहिल्या आणि म्हातारी गेली. गाववाले आडवे आलेच. शेवटी वसाहतीतल्या लोकांनी तिला ट्रकमध्ये घालून पार धरणाच्या काठी नेलं आणि बुडालेल्या गावाच्या वरच्या अंगाला जाळलं.

मग वरातीमागून घोडं यावं तसा हुकूम आला. वसाहतीला ओढ्याकाठी स्वतःची जागा मिळाली. माझ्या वकिलीतला तो पहिला विजय. मिरवायला माझं असं कुणी नव्हतं, म्हणून थेट वसाहतीत गेलो. म्हातारा एकटाच चूल फुंकत बसला होता. मी हुकूम वाचून दाखवला.

“म्हंजी मला हितं जाळणार?”

“हो बाबा. आता कुणी अडवणार नाही.”

“आन ती तिकडं पाण्याकाठी एकली?”

त्यानं फुंकणी बाजूला ठेवली. मग माझा हात धरला.

“सायब, माझ्यापुरता ह्यो हुकूम मोडता येतो का, बघा की.”