फक्कीचं गाव

पोलीस ठाण्याच्या मागच्या पटांगणात दर शनिवारी सकाळी एक गाव उगवायचं आणि संध्याकाळपर्यंत वाऱ्यावर उडून जायचं. ते गाव आखणाऱ्या हवालदारांबद्दल चार ओळी लिहाव्यात असं कधीपासून मनात आहे. मी त्याच ठाण्यात कारकून होतो. नोंदी पुष्कळ लिहिल्या, पण नोंदीत वेळ, ठिकाण आणि घटना एवढंच बसतं. तेव्हा माझ्या हातून कुठे कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मुलं त्यांना फक्कीमामा म्हणायची. खेळाच्या मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड, ती फक्की. एका पत्र्याच्या डब्याच्या बुडाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती. तो डबा हलके हलके हलवत ते उलट्या पावलांनी चालायचे आणि त्यांच्या पुढ्यात गल्ली तयार होत जायची. दोरी नाही, फूटपट्टी नाही. मी खिडकीतून बघत बसायचो. तिरप्या उन्हात पूड जरा वेळ हवेत तरंगायची, मग खाली बसायची, आणि बघता बघता बाजार, शाळा, दवाखाना, गिरणीची गल्ली, पाण्याची टाकी असं सगळं गाव जमिनीवर निजलेलं दिसायचं. आपलंच गाव, पण झोपेत दिसावं तसं. पांढरं, बिनआवाजाचं, आणि कुठेही जायला दहा पावलांपेक्षा जास्त लागत नाहीत असं.

मामांची नोकरी तीस वर्षांची. पहिली बारा वर्षं पायी गस्तीची, पुढची चौकात उभं राहून वाहनांना हात दाखवण्याची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा यांना कुठे बसवावं असा प्रश्न आला. त्याच सुमाराला ठाण्याच्या प्रमुख म्हणून नवीन मॅडम आल्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "मूल जेवत नसलं की आया आपलं नाव घेतात. हे मला आवडलेलं नाही. मुलं इथे आपण होऊन आली पाहिजेत." तेव्हापासून शनिवारी शाळेतली मुलं यायला लागली. गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवून कुणी बस व्हायचं, कुणी ट्रक, कुणी नुसतं पायी चालणारं माणूस, आणि मामांच्या गावात सगळे रस्ता ओलांडायला शिकायचे.

जीपचा चालक त्यांना चिडवायचा, "काय मामा, आज पुन्हा सगळ्या गावाला चुना लावलात?"

"चुना लावणाऱ्यांना आपण आत टाकतो बाबा," मामा मान वर न करता म्हणायचे. "ही फक्की आहे."

घरी मात्र एवढं कौतुक नव्हतं. मामी एकदा विसरलेला डबा द्यायला आल्या होत्या. पटांगणाकडे बघून मला म्हणाल्या, "इथे अख्खं गाव सरळ काढतात. घरी एक खिळा ठोकला, तर तसबीर अजून तिरकी आहे."

पण या गावात एक चूक होती. गिरणीच्या मागची गल्ली खऱ्या गावात मोठ्या रस्त्याला लागून संपते. वीसेक वर्षांपूर्वी तो रुंद रस्ता आला आणि गल्ली मधोमध कापली गेली. मामांच्या गावात ती कापलेली नव्हती, सरळ पाण्याच्या टाकीपर्यंत जायची. मोठा रस्ता असायचा, पण कुठेतरी कडेला, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

मॅडमनी ते एकदा पाहिलं. "मामा, भिंतीवरचा नकाशा बघा. मोठा रस्ता इथून जातो."

मामा ओशाळले. बुटाने गल्ली पुसली. "पुढच्या वेळी नीट काढतो, मॅडम."

पुढच्या शनिवारी गल्ली पुन्हा टाकीपर्यंत.

"अहो मामा!"

"मी डोक्याने काढत नाही ना," ते हळूच म्हणाले. "पाय जातील तिकडे डबा जातो. आणि पायांनी गस्त घातली ती जुन्या गावात."

"मग पायांना समज देऊन सोडा," मॅडम म्हणाल्या, आणि हसत आत गेल्या. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मुलांना काय, ट्रक कुठून येतो हे कळलं म्हणजे झालं.

त्याच दिवसांत शिवणबाई आमच्याकडे वरचेवर येत होत्या, म्हणजे आणल्या जात होत्या. वय ऐंशीच्या पुढे. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनी शिवण शिकवलेलं, म्हणून सगळे शिवणबाईच म्हणायचे. आता त्यांना काल आणि आज वेगळे करता येत नव्हते. दुपारी घरातून निघायच्या आणि भलतीकडे सापडायच्या. जीप जायची, त्यांना घेऊन यायची, मी नोंद करायचो. बाकावर बसून त्या पाणी प्यायच्या आणि माझ्या शर्टाचं बटण निरखून म्हणायच्या, "दोरा कच्चा आहे." कुठे निघाला होतात असं विचारलं की नुसतं बघायच्या, जणू आम्हीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो.

मुलगा बाहेरगावी नोकरीला. घरी सून, ती दवाखान्यात नर्स. ती वाईट होती असं कुणी समजू नये. दर वेळी पांढऱ्या गणवेशातच धावत यायची, आधी सासूचे तळपाय बघायची, मग आमच्याशी बोलायची. पण त्या महिन्यात शिवणबाई चौथ्यांदा सापडल्या तेव्हा एका ट्रकने त्यांच्यापासून हातभरावर ब्रेक मारला होता.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी सून सासूला घेऊन ठाण्यात आली. सासूला माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसवलं आणि मॅडमना म्हणाली, "आता मी ड्युटीवर जाताना बाहेरून कुलूप लावणार. सोमवारी माणूस येतोय कडी बसवायला. उद्या कुणी म्हणायला नको की सासूला कोंडलं, म्हणून लिहून द्यायला आले."

"कोंडलेलं माणूस लवकर खचतं हो," मॅडम म्हणाल्या.

"मला का कळत नाही? वॉर्डात रोज तेच बघते. पण ट्रकखाली गेल्या तर? सांगा ना, मी काय करू?"

मॅडमनी मला कागद द्यायची खूण केली. मी कागद पुढे केला आणि सून लिहायला बसली.

तिची मान खाली होती तेवढ्यात शिवणबाई उठल्या आणि मागच्या दाराने पटांगणात गेल्या. मुलांचा तास चालू होता. त्यांनी कडेला चपला काढून जोडीने ठेवल्या आणि फक्कीच्या गावात शिरल्या. सून धावली, तिच्यामागे मी. मामांनी तिला हाताने थांबा अशी खूण केली, चौकात करायचे तशीच. त्या हातासरशी मुलंही थांबली. बस थांबली, ट्रक थांबले.

शिवणबाई चालत होत्या. एक रेघ पायाखाली आली नाही. बाजाराला वळसा घातला, दवाखान्यावरून पुढे गेल्या. एके ठिकाणी पाय उंच उचलून ठेवला आणि कुणाला तरी म्हणाल्या, "सांभाळून, पायरी आहे." तिथे सपाट माती होती.

"होती," मामा माझ्या कानाशी पुटपुटले. "पायरी होती तिथे. मी दोनदा आपटलोय."

गिरणीच्या गल्लीत त्यांची चाल वाढली. खरी गल्ली जिथे संपते तिथून त्या न अडखळता सरळ पुढे गेल्या आणि टाकीच्या अलीकडे, डाव्या हाताला थांबल्या. तिथे मामांनी काहीच काढलेलं नव्हतं. त्यांनी न दिसणारं दार ढकललं, आत पाऊल टाकलं आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "चार वाजले. बसा मशीनवर."

सकाळचे दहा वाजले होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रक झालेली एक मुलगी आधी खाली बसली, मग एकेक करत सगळी वाहनं बसली. वाऱ्याने थोडी फक्की उडाली आणि त्यांच्यावरून गेली.

"शिवणवर्ग," सून म्हणाली. "टाकीपाशी यांचा वर्ग होता. दुपारी चारचा. माझ्या लग्नाआधीच बंद झाला. मला ठाऊक होतं हो. पण हे कधी सुचलंच नाही."

"बाई हरवत नाहीत," मामा म्हणाले. "कामावर निघतात. मधे आपण रस्ता आणून ठेवलाय."

मी आत जाऊन नोंदवही उघडली. चारही नोंदी माझ्याच अक्षरातल्या. चारही वेळा चार ते साडेचारच्या मधल्या. चारही ठिकाणं मोठ्या रस्त्यावरची, कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. गल्ली संपली की त्या मिळेल तिकडे वळत होत्या. मी हे चार वेळा लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मामा सुनेला म्हणाले, "ताई, सोमवारी त्या कडीवाल्याला संध्याकाळी बोलवा. साडेतीनला मी तुमच्या दाराशी येतो. बाईंना जाऊ द्या. एकदा बघू."

"आणि काही झालं तर?"

"तीस वर्षांत मला एवढंच जमलंय ताई. माणसाला रस्ता ओलांडून देणं."

सोमवारी मॅडमनी मलाही सोबत पाठवलं. वर्दीतली दोन माणसं मागे दिसली तर बाई बिचकतील, तुम्हाला कोण बिचकणार, म्हणाल्या. सूनही अर्धी रजा घेऊन आली होती. दुपारची वेळ, दुकानं अर्धी मिटलेली, गिरणीची घरघर लांबून ऐकू येत होती. शिवणबाई हातात कापडी पिशवी घेऊन पुढे, दहा पावलं मागे मामा, त्यांच्या मागे आम्ही. त्या इतक्या निवांत चालत होत्या की आपणच त्यांच्या आठवणीत शिरलोय असं मला वाटायला लागलं.

गल्ली संपली. समोर मोठा रस्ता, भरधाव ट्रक. शिवणबाई थबकल्या. आपल्याच घरात कपाट उघडावं आणि आत दुसऱ्या कुणाचे कपडे निघावेत, तसा चेहरा झाला. मग त्या डावीकडे वळल्या. सुनेने माझा दंड घट्ट धरला.

मामा लंगडत धावले. रस्त्यात शिरून शिट्टी फुंकली, हात आडवा केला. एक ट्रक कुरकुरत थांबला, मग त्याच्या मागचे.

"इकडून, बाई," मामा म्हणाले. "सरळच आहे."

त्यांनी मामांच्या हाताकडे पाहिलं आणि एखादी खोली ओलांडावी तशा त्या पलीकडे गेल्या. तिथे दोन दुकानांच्या मधे माणूस जाईल एवढी फट होती. त्या फटीतून उरलेली गल्ली पुढे जाते, हे मी तरी विसरलो होतो. वर्गाच्या जागी आता फरशांचं गोदाम आहे. मामांनी रविवारीच जाऊन तिथल्या राखणदाराला सांगून ठेवलं होतं. दाराशी खुर्ची होती. शिवणबाई अर्धा तास त्या खुर्चीवर बसल्या. मधेच बोटांनी काहीतरी दुमडायच्या. मग "झालं आजचं" म्हणून उठल्या आणि आल्या वाटेने घरी आल्या.

संध्याकाळी सुनेने कडी बसवून घेतलीच. "मला दोष देऊ नका," ती मामांना म्हणाली. "साडेतीनला तुम्ही आलात तर शेजारीण उघडेल. नाही आलात तर कुलूप राहील."

मामा रोज गेले. मॅडमनी तशी ड्युटीच लावली आणि रस्त्यावर पट्टे मारून मिळावेत म्हणून वर पत्र लिहिलं. पुढे पुढे शेजारणीने दार उघडलं की मामा तडक रस्त्यावर जाऊन थांबायचे आणि शिवणबाई एकट्या गल्लीतून यायच्या.

महिन्याभराने एका दुपारी चौकात दोन सायकलवाले एकमेकांवर आदळले आणि मामांना पोचायला उशीर झाला. सून त्या दिवशी सुट्टीवर होती, दार तिनेच उघडलं होतं आणि सासूच्या मागून येत होती. शिवणबाई रस्त्याच्या काठाला पोचल्या. सून पुढे झेपावणार, तर त्या डावीकडे वळल्या नाहीत, उजवीकडेही नाहीत. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ट्रक बघत उभ्या राहिल्या. चांगली पाच मिनिटं.

मामा धापा टाकत आले.

"इतका उशीर?" शिवणबाई म्हणाल्या. "तिकडे बायका खोळंबल्यात."

"हो बाई. उद्यापासून वेळेवर."

"रोज असंच म्हणता."

मामांनी शिट्टी फुंकली. सून काठावरच थांबली, त्यांच्या मागे गेली नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं, दाराची ती कडी काढून टाकतेय असं सांगायला आली होती तेव्हा.