तीन पाखरांचा कागद

फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळचे साडेदहा, दोह्यातलं हॉस्पिटल. हजर: मी आणि मुलगी रिबका, गरोदरपणाचा चौतिसावा आठवडा. जावई दानिएल समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. फक्त फोनवर हजर.

बाळाचे ठोके मंदावले म्हणून रिबकाला ऑपरेशनला आत नेलं, आणि मी बाहेर पर्स उपसत बसले. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरी बाळंतिणीच्या उशाशी एक कागद लावतात. त्यावर सनवी, सनसनवी आणि समंगलाफ या राखण करणाऱ्या तीन देवदूतांची नावं, आणि पाखरांसारखी त्यांची चित्रं. आईचा हा कागद मी केवळ तिचं मन राखायला आणला होता. माझ्या सामानाच्या यादीत त्याच्यापुढे खूण होती, पर्समध्ये मात्र तो नव्हता. इतकी वर्षं ज्याला हसले, तो हरवल्यावर मी पर्स तिसऱ्यांदा मांडीवर उलटी केली.

"मम्मी, मिळाला?" दानिएलने फोनवरून विचारलं.

"नाही रे."

"तुमच्या यादीतलं हरवतं?"

मी फोन ठेवला आणि शोधणंही सोडलं. माझ्यासारखीला हे फार अवघड. 'एलियाहू हन्नाबी, आता तूच बघ,' एवढंच आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला म्हटलं. मग कॉरिडॉरचा उजेड दुधासारखा दाटत गेला, एसीची घरघर पंखांसारखी मऊ झाली. समोरच्या कठड्यावर तीन पांढरी पाखरं बसली होती. मला झोप लागली होती का, सांगता येत नाही. भीती मात्र उरली नव्हती.

दार उघडलं. वसईची एक नर्स बाहेर आली. "मावशी, मुलगी झाली. दोघी छान आहेत. आणि ही पाखरं कोण?"

तिच्या हातात आमचा कागद! मीच तो नीट राहावा म्हणून रिपोर्टांच्या फाइलमध्ये लावला होता, आणि फाइल रिबकाबरोबर आत गेली होती.

"देवदूत आहेत," मी म्हटलं.

"आम्हा ख्रिस्ती लोकांना रक्षकदूत एकच मिळतो हो. तुमच्या नातीला तीन? लाड आहेत बाई!" हसत ती आत गेली, आणि बाळाच्या उशाशी तिने तो कागद स्वतः चिकटवला.

मी ठेवला की कुणी माझ्याकडून ठेवून घेतला, हे आता शोधत नाही. माझ्या हातून सुटलेलंही कुणीतरी सांभाळत असतं, एवढं कळलं.

रिबका घरी आल्यावर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. एक ताट त्या नर्ससाठी हॉस्पिटलात नेलं, तर तिचं नाव मी विचारलंच नव्हतं, काउंटरवर ते सांगता येईना. तिचा वाटा द्यायचा अजून राहिला आहे.